मेलानोमासाठी निवडक औषधरेणू कसा घडवावा

त्वचेच्या कर्करोगावर निवडक औषध घडवू पाहणाऱ्याने रेणूंच्या रचना मांडण्याआधी, गाठ नेमक्या कोणत्या बिघाडावर जगते, याची खात्री करून घ्यावी. मेलानोमा, म्हणजे त्वचेतील रंगपेशींचा कर्करोग, याच्या बाबतीत ही वाट २००२ मध्ये बीआरएएफ जनुकातील बदल सापडल्यावर खुली झाली. या जनुकात बदल झाला, की त्यापासून बनणाऱ्या प्रथिनात ६०० व्या स्थानी बहुधा व्हॅलिन या अमिनो आम्लाऐवजी ग्लुटामिक आम्ल येते आणि पेशीला विभाजनाचा आदेश देणारी साखळी सतत चालू राहते. जवळजवळ निम्म्या मेलानोमांमध्ये हे जनुक बदललेले आढळते.

लक्ष्य ठरले तरी त्यावर चालणारे कोणतेही अवरोधक पुरेसे नसते. सोराफेनिब हे औषध आरएएफ-रोधक, म्हणजे बीआरएएफ ज्या गटात मोडते त्या प्रथिनांना रोखणारे, म्हणूनच विकसित झाले होते. पण ते इतर अनेक कायनेजांना (इतर रेणूंना फॉस्फेट जोडणाऱ्या प्रथिनांना), विशेषतः रक्तवाहिन्यांच्या वाढीशी निगडित प्रथिनांना रोखते. मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगात ते उपयोगी ठरले, मेलानोमात मात्र नाही. मानवी शरीरात पाचशेहून अधिक कायनेज आहेत आणि एटीपी हा फॉस्फेट पुरवणारा रेणू बसण्याची त्यांची खोबण बरीचशी सारखी असते. निवडकपणाची सारी अडचण तिथे आहे.

म्हणून सुरुवात लहान रेणूंपासून करावी. कॅलिफोर्नियातील बर्कली येथील प्लेक्सिकॉन कंपनीच्या संशोधकांनी १५० ते ३५० डाल्टन (रेणूच्या वजनाचे एकक) वजनाची सुमारे २०,००० संयुगे काही कायनेजांवर तपासली, त्यांतून २३८ निवडली आणि ती प्रथिनांच्या स्फटिकांत कशी बसतात, हे क्ष-किरणांनी पाहिले. त्यातून ७-अझाइंडोल हा सांगाडा हाती आला. त्याला जोडलेला प्रोपिल सल्फोनामाइड गट आरएएफ प्रथिनांतील एका लहानशा कप्प्यात शिरतो; इतर बहुतेक कायनेजांत तो कप्पा तसा मोकळा नसतो. सांगाड्यात प्रत्येक बदल केल्यानंतर पुन्हा स्फटिकरचना पाहावी, कारण कागदावर सुबक दिसणारा गट खोबणीत भलतीकडे वळलेला आढळू शकतो.

पुढे आकड्यांनी हुरळून जाऊ नये. या मालिकेतील व्हेमुराफेनिब हे औषध बदललेल्या बीआरएएफला ३१ नॅनोमोलर (द्रावणातील प्रमाणाचे अतिसूक्ष्म एकक) संहतीला निम्म्याने रोखते, मूळ बीआरएएफला १०० नॅनोमोलरला. म्हणजे परीक्षानळीतील फरक जेमतेम तिप्पट. खरा निवडकपणा पेशींत दिसला. ए३७५ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मेलानोमा पेशींसारख्या, बदल असलेल्या पेशींची वाढ थांबली, बदल नसलेल्यांवर तसा परिणाम झाला नाही. त्यामुळे दोन्ही प्रकारच्या पेशी पहिल्या दिवसापासून शेजारीशेजारी तपासाव्यात आणि साखळी किती चालू आहे हे दाखवणाऱ्या, तिच्या शेवटाकडील ईआरके प्रथिनावरील फॉस्फेटचे प्रमाण मोजावे.

इथेच एक गंभीर धोका आहे आणि तो वगळून पुढे जाणे रुग्णांवर अन्याय करणारे ठरेल. मूळ बीआरएएफ असलेल्या पेशीत, विशेषतः साखळीत आरएएफच्या आधी येणाऱ्या प्रथिनाचे आरएएस जनुक बदललेले असेल तर, हेच औषध आरएएफच्या जोडीतील एका रेणूला बांधून दुसऱ्याला चेतवते आणि साखळी मंदावण्याऐवजी वेगावते. व्हेमुराफेनिब घेणाऱ्या अनेक रुग्णांच्या त्वचेवर स्क्वॅमस (वरच्या थरातील चपट्या) पेशींच्या गाठी आल्या, त्यामागे ही यंत्रणा होती. नव्या रेणूची आरएएस-बदललेल्या पेशींवर चाचणी घेतल्याशिवाय त्याला निवडक म्हणू नये.

औषधाच्या रूपाकडेही लक्ष द्यावे. व्हेमुराफेनिबचे सुरुवातीचे स्फटिकरूप शरीरात नीट शोषले जात नव्हते. अस्फटिक भुकटी तयार केल्यावर रक्तातील पातळी वाढली आणि गाठी आकसू लागल्या.

मानवी चाचणीत रुग्णांची निवड जनुकतपासणीवरूनच करावी. ६७५ रुग्णांच्या तिसऱ्या टप्प्यात सहा महिन्यांनी व्हेमुराफेनिब गटातील ८४ टक्के रुग्ण हयात होते, डकार्बाझिन या जुन्या रसायनोपचाराच्या गटातील ६४ टक्के. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेत औषधाबरोबर जनुकचाचणीलाही मान्यता मिळाली. बहुतेकांमध्ये पुढे प्रतिरोध येतोच, म्हणून साखळीतील पुढच्या एमईके प्रथिनाला रोखणारे औषध जोडीला देतात. त्यामुळे त्वचेवरच्या त्या नव्या गाठीही कमी होतात. तेव्हा जोडीचा विचार शेवटासाठी राखून ठेवू नये.

भारतात मेलानोमा विरळ आहे आणि तो बरेचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. या प्रकारात बीआरएएफमधील बदल कमी आढळतो, काही गाठींत केआयटी जनुक बदललेले असते. अशा रुग्णांसाठी काम करायचे असल्यास त्यांच्याच गाठींची जनुकीय तपासणी करून लक्ष्य नव्याने निवडावे लागेल.