शुक्रावरची रेषा आणि माझे चार महिने

परग्रहांवरील जीवसृष्टीच्या रासायनिक खुणा शोधण्याच्या क्षेत्रात येणारा विद्यार्थी सहसा रसायनशास्त्रात अडत नाही; प्राणवायू आणि मिथेन एकमेकांशी अभिक्रिया करून संपतात, म्हणून ते एकमेकांशेजारी फार काळ टिकत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असणारच. तो अडतो वर्णपटाची, म्हणजे वारंवारतेनुसार मांडलेल्या प्रारणाच्या आलेखाची, पार्श्वभूमी वजा करताना. एम.एस्सी.च्या प्रकल्पात मीही तिथेच अडले आणि चार महिने गमावले.

सप्टेंबर 2020 मध्ये खगोलशास्त्रज्ञ जेन ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुक्राच्या ढगांत अब्जात सुमारे 20 भाग फॉस्फीन, म्हणजे जीवसृष्टीची संभाव्य खूण मानला जाणारा फॉस्फरस-हायड्रोजनचा वायू, असल्याचे जाहीर केले. आधार होता 267 गिगाहर्ट्झजवळच्या एकाच शोषणरेषेचा, म्हणजे वायूने प्रारण शोषल्यामुळे वर्णपटात पडणाऱ्या खळग्याचा. चिलीतील आल्मा या रेडिओ दुर्बिणीच्या विदेतील (निरीक्षणांच्या नोंदींतील) उपकरणजन्य लाटा काढण्यासाठी त्यांनी 12 घातांची बहुपदी, म्हणजे पार्श्वभूमीवर बसवायची वक्ररेषा, वापरली होती. बहुपदी बसवताना रेषा अपेक्षित असते तेवढा पट्टा वगळावा लागतो, नाहीतर ती रेषाच गिळून टाकते. मात्र वगळलेल्या पट्ट्यात तिला धरून ठेवणारे काहीच नसते. दोन्ही काठांशी जुळवून घेताना ती मध्ये फुगली, की वजाबाकीनंतर नेमक्या त्याच जागी खळगा उरतो आणि तो हव्या असलेल्या रेषेसारखाच दिसतो. घात वाढवावा तसा हा धोकाही वाढतो. इग्नास स्नेलेन यांच्या गटाने दाखवले, की याच रीतीने त्याच वर्णपटात इतरत्रही खोट्या रेषा उमटतात. शिवाय सल्फर डायऑक्साइडची एक रेषा जवळजवळ त्याच वारंवारतेवर येते, त्यामुळे ती फॉस्फीनची समजली जाऊ शकते. पुढे विदेचे अंशांकन (उपकरणाच्या मोजमापांची दुरुस्ती) सुधारल्यावर मूळ गटानेच फॉस्फीनचे प्रमाण बरेच खाली आणले. वाद मात्र मिटलेला नाही.

मी सार्वजनिक विदेवर एका वरिष्ठाकडून मिळालेला तयार प्रोग्रॅम चालवला, रेषा मिळाली, आणि मार्गदर्शकांनी आलेख पाहून शाबासकी दिली. उसना प्रोग्रॅम आणि घाईतली शाबासकी यांपैकी अधिक घातक काय, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पट्टा मुद्दाम रिकाम्या जागी सरकवून पाहिल्यावर तिथेही ‘फॉस्फीन’ सापडू लागले. ही चाचणी एका दुपारचे काम आहे; ती पहिल्याच आठवड्यात करा.

घाबरू नका, असे हात अनेकांचे पोळले आहेत. पण एका रेषेवर प्रबंध उभारू नका. के2-18बी या सूर्यमालेबाहेरील ग्रहावर डायमिथाइल सल्फाइड, म्हणजे पृथ्वीवर मुख्यतः सागरी सूक्ष्मजीवांमुळे तयार होणारा रेणू, असल्याचा 2025 मधील दावा तीन सिग्मांपाशीच थांबतो (शोध मानण्यासाठी सहसा पाच सिग्मांची खात्री लागते), आणि तोच रेणू 67पी या धूमकेतूवर, कोणत्याही जिवाविना, आढळलेला आहे. माझ्या अहवालात अखेर फॉस्फीनच्या प्रमाणाची फक्त वरची मर्यादा उरली.