बी-सेल लिम्फोमा ओळखायला शिकताना

पॅथॉलॉजीत एमडी करायला बेळगावात येणारी मुलं लवकरच विचारतात, "लिम्फोमाचे मार्कर पाठ कसे करायचे?" लिम्फोमा म्हणजे बी किंवा टी या पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर, आणि मार्कर म्हणजे पेशीची ओळख पटवणारी प्रथिनं. मी म्हणते, आधी गाठ फॉर्मलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावात) नीट पडली का ते बघा.

खानापूर, निपाणी, चिकोडी, पलीकडून चंदगड. मानेतली, काखेतली गाठ घेऊन माणसं इथंच येतात. आपल्याकडे गाठ म्हटली की पहिला संशय टीबीचा, आणि तो रास्तच आहे. पण बाहेरून कधीकधी अख्खी गाठ, न कापता, जेमतेम बुडेल एवढ्या फॉर्मलिनमध्ये येते. मधला भाग खराब होतो, मग मार्करला चिकटून रंग दाखवणारी अँटीबॉडी कितीही चांगली असो, रंगावर भरवसा राहत नाही. गाठ चिरून दहापट फॉर्मलिनमध्ये टाका, हे ऑपरेशन थिएटरला फोन करून सांगा. कन्नड येत असेल तर कन्नडमधून. काम लवकर होतं.

१९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच रेणूला नेमकं ओळखणाऱ्या अँटीबॉडी हव्या तेवढ्या बनवायची वाट दाखवली. आपलं रोजचं काम त्यावरच उभं आहे. तरीही अँटीबॉडींचं पॅनेल (संच) मागवण्याआधी एच अँड ई (नेहमीच्या रंगाच्या) स्लाइडवर मन लावून वेळ घालवा. सीडी२० (बी पेशींचा मार्कर) आणि सीडी३ (टी पेशींचा) शेजारी ठेवून बघा, बी पेशी कुठे आणि टी पेशी कुठे ते कळतं.

खरी कसोटी लहान पेशींच्या लिम्फोमात लागते. सीडी५ हा मुळात टी पेशींचा मार्कर, पण सीएलएल (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया) आणि मँटल सेल लिम्फोमा या दोन्हींत तो बी पेशींवरही दिसतो. सीएलएलमध्ये बहुधा सीडी२३ असतो, मँटलमध्ये बहुधा नसतो. तिथं सायक्लिन डी१ हा मार्कर बघा. उपचार वेगळे, म्हणून इथं घाई नको. फॉलिक्युलर लिम्फोमात फॉलिकलच्या (पेशींच्या गोल पुंजक्याच्या) आतल्या बी पेशी बहुतेकदा बीसीएल२ या मार्करचा रंग घेतात, साध्या सुजेच्या गाठीत घेत नाहीत. मात्र टी पेशी बीसीएल२ घेतातच. त्याच स्लाइडवर त्यांना रंग आला नसेल, तर 'निगेटिव्ह' लिहू नका, स्टेनिंग पुन्हा करून घ्या.

लिम्फोमा मोठ्या पेशींचा असेल तर सीडी१०, बीसीएल६, मम१ हे मार्कर, सोबत केआय-६७ (किती पेशी वाढत आहेत ते दाखवणारा). बर्किट लिम्फोमात केआय-६७ जवळपास शंभर टक्के असतो, पण तेवढ्यावर बर्किट लिहू नये.

पेशंटला आधी रिटुक्सिमॅब (सीडी२० वर काम करणारं औषध) दिलं असेल तर सीडी२० नाहीसा झालेला असू शकतो. तेव्हा पॅक्स५, सीडी७९ए, सीडी१९ लावा. फॉर्मवर जुन्या उपचारांचा रकाना कोरा असेल तर आधी नातेवाइकांकडे जुनी फाइल मागा.