कबुली देताना सबबी बाजूला कशा ठेवाव्यात

पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूंपाशी आपली पापे सांगण्याच्या आणि गोव्यात ज्याला सर्रास कुमसार म्हटले जाते त्या कॅथलिक संस्काराला, जाण्यापूर्वी आपण काय काय केले हे आठवण्याचा प्रयत्न बहुतेक जण करतात. मनात त्याच वेळी तयार होत असलेल्या सबबी मात्र वेगळ्या काढून ठेवायच्या असतात, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. सबब खोटी असते असा एक समज आहे आणि तो या कामातील मोठा अडथळा आहे. खोटी सबब स्वतःलाच टोचते, त्यामुळे ती ओळखणे सोपे जाते; कबुली पोकळ होते ती बहुधा खऱ्या सबबीमुळे. बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात, मना केलेले फळ खाल्ल्याबद्दल देवाने विचारले तेव्हा, पहिला माणूस आदाम म्हणतो की, तू मला सोबतीला दिलेल्या स्त्रीने ते फळ दिले म्हणून मी खाल्ले. यातील एकही शब्द असत्य नाही. जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांच्या 1616 साली गोव्यातील रायतूर येथे छापलेल्या क्रिस्तपुराण या काव्यामुळे आदामाची कथा गोव्यात चारशे वर्षांपासून मराठी ओवीत ऐकली-वाचली गेली आहे. तरीही आदामाचा तो खरा असलेला बचाव आपण प्रत्येक पिढीत नव्याने वापरतो.

पुढील मार्गदर्शन एकाच काल्पनिक उदाहरणाच्या आधारे दिले आहे. गोव्यातील नागरी कायद्यानुसार मुलगा आणि मुलगी यांना आईवडिलांच्या मालमत्तेत समान वाटा मिळतो. समजा, गोव्याच्या सासष्टी तालुक्यातील एका भावाने नारळाच्या भाटासाठी (बागेसाठी) गिऱ्हाईक आधीच ठरवले होते. ते लपवून, “त्या पडीक जागेला कोणी विचारत नाही” असे मुंबईतील बहिणीला सांगून, त्याने तिच्याकडून हक्क सोडल्याचा दस्तऐवज करून घेतला. आईचे आजारपण त्याने एकट्याने काढले, बहीण कित्येक वर्षांत फिरकली नाही आणि ही युक्ती एका नातेवाइकाने सुचवली, हे सारे खरे आहे असेही आपण धरून चालू.

अशा माणसाने प्रथम दोन कागद घ्यावेत. पहिल्यावर केवळ स्वतः केलेली कृत्ये लिहावीत: काय ठाऊक होते, काय सांगितले, काय लपवले आणि त्यातून किती पैसे मिळाले. दुसऱ्यावर सगळी कारणे, सगळे राग आणि इतरांचे सगळे दोष मनसोक्त लिहावेत. कारणे मनात दाबून ठेवली तर ती ऐन कबुलीच्या वेळी वाक्याच्या शेपटीला चिकटून बाहेर येतात. कागदावर उतरली की त्यांचा जोर बराच ओसरतो. मग पहिला कागद पुन्हा वाचावा आणि त्यात दुसऱ्या कोणाच्या कृत्याचे वर्णन शिरले असेल तर ते खोडावे. बायबलमध्ये, लोकांना पूजेसाठी घडवून दिलेल्या सोन्याच्या वासराबद्दल जाब विचारला गेला तेव्हा मोशेचा भाऊ अहरोन याने उत्तर दिले की, लोकांनी दिलेले सोने मी अग्नीत टाकले आणि हे वासरू बाहेर आले. तो स्वतः कारागीर होता हे त्या वाक्यात कोठेही नाही. आपल्या कागदावर आपोआप घडलेले असे एखादे वासरू आहे का, हे नीट तपासावे.

दुसरा कागद निरर्थक नसतो. अज्ञान, भीती किंवा दडपण यांमुळे कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, असे कॅथलिक धर्मशिकवणीतच म्हटले आहे. गंभीर पाप ठरण्यासाठी बाब गंभीर असणे, तिची पूर्ण जाणीव असणे आणि जाणूनबुजून दिलेली संमती असणे, या तिन्ही गोष्टी आवश्यक मानल्या जातात. परंतु स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश होऊन ही सूट परस्पर घेऊ नये. पापाचे स्वरूप बदलणारी परिस्थिती आपण होऊन सांगावी, उदाहरणार्थ फसवलेली व्यक्ती परकी नसून विश्वासाने सही करणारी सख्खी बहीण होती हे. भार हलका करणारी परिस्थिती धर्मगुरूंनी विचारल्यास थोडक्यात सांगावी. घरात मारहाण किंवा अत्याचार सोसलेल्या व्यक्तीने मात्र त्या प्रकरणात स्वतःचा वाटा शोधत बसू नये. ही पद्धत अपराध करणाऱ्यासाठी आहे.

प्रत्यक्ष पापनिवेदनात शेवटच्या कुमसाराला किती काळ लोटला हे सांगावे आणि मग गंभीर पापे प्रकार व संख्या यांसह सांगावीत. “मी लोभी वागलो” एवढे म्हणणे पुरेसे नाही, कारण लोभी तर सगळेच असतात. “मी बहिणीला खोटे सांगून तिचा वाटा घेतला” हे निवेदन झाले. सासूचे, दिराचे किंवा शेजाऱ्याचे पाप सांगण्यात वेळ दवडू नये (या विषयावर आपली तयारी नेहमीच अधिक चांगली असते). धर्मगुरूंना निवेदनाची गुप्तता कोणत्याही कारणासाठी मोडता येत नाही, तेव्हा नाव उघड होईल या भीतीने तपशील गाळण्याची गरज नाही. चाळीस दिवसांच्या उपवासकाळात किंवा जुन्या गोव्यात 24 नोव्हेंबरपासून चालणाऱ्या, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाआधीच्या नोव्हेनाच्या (नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या) दिवसांत रांगा मोठ्या असतात. मालमत्तेसारखे गुंतागुंतीचे प्रकरण असेल तर आपल्या चर्चमध्ये वेगळी वेळ मागून घेणे बरे. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये कबुली थेट परमेश्वराजवळ दिली जाते आणि धर्मगुरूंसमोर निवेदन करणे बंधनकारक नसते, पण दोन कागदांची तयारी तेथेही तितकीच उपयोगी पडते.

“मी पाप केले आहे” हे शब्द उच्चारले की काम संपले, असेही समजू नये. बायबलमधील पहिले शमुवेल या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात देवाची आज्ञा मोडलेला शौल राजा हे शब्द दोनदा उच्चारतो: एकदा लोकांची भीती वाटली हे कारण जोडून, आणि दुसऱ्यांदा वडीलजनांसमोर माझा मान राखा अशी विनंती जोडून. पुढे दावीद राजाने परस्त्रीशी संबंध ठेवून तिच्या नवऱ्याला मारवले आणि नाथान संदेष्ट्याने त्याला सुनावले, तेव्हा दाविदाने तेच कबूल केले आणि तो तेथेच थांबला. दाविदाचा अपराध शौलापेक्षा हलका होता असे कोणी म्हणू शकणार नाही, आणि क्षमा मिळूनही त्याला परिणाम भोगावेच लागले. आपल्या उदाहरणातील भावाने बहिणीशी बोलताना म्हणूनच पहिल्या कागदाबाहेर जाऊ नये. “तुला वाईट वाटले असेल तर माफ कर” या वाक्याने दोष तिच्या वाटण्यावर ढकलला जातो. “गिऱ्हाईक ठरले होते, मला ते ठाऊक होते आणि मी तुला उलट सांगितले” असे म्हणून थांबावे. त्यानंतरची शांतता असह्य वाटते आणि आईच्या आजारपणाचा विषय नेमका तेव्हाच ओठांवर येतो. तो त्या दिवशी काढू नये. तिने क्षमा करावी असा आग्रह धरू नये. तिने रागाने फोन ठेवला तरी आपली कबुली खरीच राहते.

यापुढचा भाग पैशाचा आहे. पापक्षमेने घेतलेली वस्तू आपली होत नाही; शक्य असेल तेथे नुकसान भरून देणे हे ख्रिस्ती शिकवणीत न्यायाचे कर्तव्य मानले आहे. लूकच्या शुभवर्तमानातील जकातदार जक्कय फसवून घेतलेले चौपट परत करण्याची तयारी दाखवतो. भावाने निदान मिळालेल्या रकमेतील बहिणीचा वाटा काढावा, वकिलाकडून तो रीतसर कागदावर आणावा आणि एकरकमी देणे शक्य नसेल तर हप्ते ठरवून घ्यावेत. तिच्याऐवजी चर्चच्या फेस्ताला (सणाला) किंवा अनाथालयाला देणगी देऊन सुटका करून घेऊ नये. बहीण हयात नसेल तर ती रक्कम तिच्या वारसांची आहे, आणि कोणी वारस सापडतच नसेल तरच ती गरिबांसाठी द्यावी.