पेपरच्या आदल्या रात्री वही बंद करायला शिकले त्याबद्दल

फर्स्ट इयरला येणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितेय, खास करून जे खेड्यावरून धुळ्याला, जळगावला, नंदुरबारला रूम करून राहतात त्यांच्यासाठी, कारण मी पण त्यातलीच. साक्री तालुक्यातलं गाव, धुळ्यात देवपूरला तिघींची एक रूम, बीएस्सी. बारावीपर्यंत वर्गात पहिल्या तिनात असायची, त्यामुळे विद्यापीठाच्या पेपरला एवढी घाबरेन असं वाटलंच नव्हतं.

पहिल्याच सेमला केमिस्ट्रीच्या आदल्या रात्री पहाटे चारपर्यंत जागी होते. एक युनिट राहून गेलं होतं ते नव्यानं वाचायला घेतलं, ते डोक्यात शिरेना, आणि मग जे चांगलं येत होतं त्याच्यावरचा पण भरवसा गेला. हॉलमध्ये पेपर हातात आला, प्रश्न सगळे ओळखीचे दिसतायत पण उत्तराची पहिली ओळच सुचेना, हाताला नुसता घाम. 60 पैकी 19 मार्क पडले. घरी सांगायला मला आठ दिवस लागले, कारण त्या वर्षी कापसाला भाव नव्हता तरी पप्पांनी रूमचं भाडं वेळेवर पाठवलं होतं. आपल्याकडच्या बऱ्याच पोरांच्या डोक्यात पेपरच्या वेळी सिलॅबसपेक्षा हेच जास्त फिरत असतं आणि कोणी बोलून दाखवत नाही. शेवटी मायला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, परत देता येतो ना पेपर? मग झालं. आठ दिवस मी उगाच एकटी जळत होते, तुम्ही असं करू नका, घरी लवकर सांगा.

पुढच्या सेमपासून पेपर असला की माय रात्री दहाला फोन करायची, "आते जपी जाय वं पोरी, सकायले वाच." म्हणजे आमच्या अहिराणीत, आता झोप पोरी, सकाळी वाच. आधी राग यायचा, पण खरंच, दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसायचं बरंचसं काम झोपेत होतं, आणि संध्याकाळी उशिरा घेतलेल्या चहा-कॉफीतलं कॅफिन पाच-सहा तासांनी पण निम्मं अंगात असतं. म्हणून दुपारनंतर चहा बंद आणि आदल्या दिवशी नवीन टॉपिक अजिबात नाही. राहिला तर राहिला. त्याऐवजी कोरा कागद घ्यायचा, वही बंद करायची आणि एकेका युनिटचं जे आठवतं ते लिहायचं, मग वही उघडून सुटलेलं लाल पेनानं भरायचं. नुसतं परत परत वाचलं की सगळं येतंय असं वाटतं, पण हॉलमध्ये तर न बघताच आठवायचं असतं ना, मग सराव पण त्याचाच पाहिजे. पाच-सहा पानं अशी भरली की, मला काहीच येत नाही, हे मन म्हणायला लागलं तरी पुरावा समोर असतो.

उन्हाळी परीक्षेचं वेगळंच. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर, पत्र्याची रूम आणि त्यात लाईट गेली तर दुपारी अभ्यास होतच नाही, डोकं दुखतं आणि आपल्याला वाटतं टेन्शनमुळे दुखतंय. आम्ही पहाटे साडेचार ते नऊ गच्चीवर बसायचो, दुपारी ताक-भाकरी खाऊन पडायचं, परत संध्याकाळी. पेपरच्या दिवशी पोटभर शेवभाजी नको आणि उपाशी पण नको, पाण्याची बाटली मात्र पाहिजेच.

हॉल तिकीट, आयकार्ड, दोन-तीन पेनं रात्रीच बॅगेत टाका. गावावरून एसटीनं येणार असाल तर एक गाडी आधीची पकडा, धावत पोचलं की छातीतली धडधड पेपर सुरू झाला तरी थांबत नाही. ग्रुपवर रात्री अकराला कोणीतरी "हे फिक्स येणार" टाकतंच, म्हणून ग्रुप म्यूट. गेटवर पण, तुझं अमुक झालं का, विचारणाऱ्यांपासून लांब उभी राहायचे मी, कोणाला राग आला तरी चालेल.

बेंचवर बसल्यावर चार आकडे मोजत श्वास आत आणि सहा आकडे मोजत बाहेर, असं सात-आठ वेळा. सोडायचा श्वास लांबला की धडधड उतरते. मग अख्खा पेपर एकदा वाचायचा आणि सगळ्यात चांगला येतो तो प्रश्न आधी लिहायचा, फक्त प्रश्न क्रमांक नीट टाका. थोडी भीती राहतेच, ती राहू द्या, शरीर कामाला लागलंय एवढाच तिचा अर्थ. बाहेर आल्यावर उत्तरं जुळवत बसू नका, तो पेपर गेला, पुढचा बघा.

पण दिवसेंदिवस झोप नाही, जेवण जात नाही, जगणंच नको वाटतंय असं असेल तर वरच्या कशानंच भागणार नाही, तेव्हा घरच्यांना किंवा रूममेटला सांगा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 ला फोन करा, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं. आमच्या रूममधल्या एकीनं केला होता. फोन लावताना मी तिच्या शेजारी बसले होते, आणि त्या रात्री ती खूप दिवसांनी जेवली.