तरुण गुन्हेगारांच्या ब्रिटिश संस्थेवर विनोदी मालिका कशी लिहावी

ब्रिटनमध्ये तुरुंगावर विनोदी मालिका लिहायला बसणाऱ्या कोणालाही ‘पॉरिज’ टाळता येत नाही. डिक क्लेमेंट आणि इयन ला फ्रेने यांनी लिहिलेली, रॉनी बार्कर यांची प्रमुख भूमिका असलेली ही मालिका बीबीसीने 1974 ते 1977 या काळात दाखवली आणि अवघ्या तीन पर्वांत या प्रकाराची घडी बसवून दिली. मात्र तीच घडी उचलून तरुण गुन्हेगारांच्या संस्थेत बसवली, तर मालिका पहिल्या पर्वातच दमते. कारण ‘पॉरिज’चा सारा डोलारा फ्लेचर या मुरलेल्या, तुरुंगाला सरावलेल्या कैद्यावर उभा आहे, आणि असा कैदी या संस्थेत असूच शकत नाही. इथला सर्वांत ज्येष्ठ कैदी वीस-एकवीस वर्षांचा असतो.

म्हणून पहिले काम वय ठरवण्याचे. 1902 साली केंट परगण्यात रॉचेस्टरजवळच्या बोर्स्टल गावी सुरू झालेली आणि त्या गावाच्याच नावाने देशभर पसरलेली सुधारगृहांची जुनी पद्धत 1982 च्या कायद्याने मोडीत निघाली; ‘यंग ऑफेंडर इन्स्टिट्यूशन’ हे आजचे रूप 1988 च्या कायद्यातून आले. या संस्थांमध्ये 15 ते 17 वर्षांची मुले आणि 18 च्या पुढचे तरुण वेगवेगळे ठेवले जातात. पश्चिम लंडनमधील फेल्टमसारख्या ठिकाणी एकाच आवारात दोन स्वतंत्र भाग आहेत. विनोदासाठी मोठा गट निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. धाकट्या गटातील पात्रे कायद्याने बालकेच असतात, आणि त्यांच्या फजितीवर हसताना प्रेक्षक अवघडतो, मग संवाद कितीही खुसखुशीत असोत.

वय ठरले की जुन्याजाणत्याची जागा कोणाला द्यायची हे पाहावे. माझ्या मते ती कर्मचाऱ्यांना द्यावी. मुले येतात, शिक्षा भोगतात, जातात किंवा वय उलटले म्हणून प्रौढांच्या तुरुंगात पाठवली जातात; वर्षानुवर्षे तिथेच राहतात ते पहारेकरी, वर्गशिक्षिका आणि पाद्री. खऱ्या अर्थाने जन्मठेप त्यांचीच असते. ‘पॉरिज’मध्ये कडक मॅकाय आणि मवाळ बॅरोक्लफ ही पहारेकऱ्यांची जोडी आहे, तिची नक्कल न करता, वीस वर्षांत शेकडो मुलांची तीच थाप ऐकून तिचा शेवट आधीच सांगू शकणारा एखादा पहारेकरी घडवावा. त्याच्यासमोर एकविसावा वाढदिवस जवळ आलेला, इथला दादा म्हणून मिरवणारा आणि मोठ्या तुरुंगात आपण पुन्हा सर्वांत लहान ठरणार या विचाराने धास्तावलेला तरुण ठेवला, की पर्वाला आपोआप एक मुदत मिळते.

आता कथानके. क्लेमेंट आणि ला फ्रेने यांनी तुरुंगवास भोगून आलेल्या जोनाथन मार्शल यांच्याशी बोलून मालिकेचा गाभा शोधला होता: कैद्याला सुटका मिळवता येत नाही, रोज एखादा छोटासा विजय मात्र मिळवता येतो. हे सूत्र इथेही चालते, फक्त छोट्या विजयाचा माल बदलावा लागतो. तंबाखूची उधार-उसनवार आता बाद समजावी, कारण इंग्लंडमधील बंद तुरुंगांत धूम्रपानबंदी आहे. आजचे चलन म्हणजे नूडल्सची पाकिटे आणि टुना माशाचे डबे. कथानकांचा दुसरा साठा सवलतींच्या श्रेणींमध्ये आहे. वागणूक बिघडली की कैदी तळाच्या श्रेणीत जातो आणि कोठडीतला टीव्ही जातो. समजा, एफए कप या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी एकाचा टीव्ही गेला आणि शेजारच्या कोठडीतला मुलगा भिंतीपलीकडून सामन्याचे वर्णन करू लागला, प्रत्येक गोलामागे नूडल्सचे एक पाकीट या दराने. सामना नऊ-सात असा संपेल हे सांगायला नकोच! असे कथानक नियमातूनच उगवते, त्यासाठी बाहेरून पळून जाण्याचा कट किंवा दंगल आणावी लागत नाही.

एका बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. फ्लेचर आणि पहिल्यांदाच तुरुंगात आलेला तरुण गॉडबर यांची एका कोठडीतील रात्र ‘पॉरिज’च्या ‘अ नाइट इन’ या भागात जवळजवळ पूर्ण अर्धा तास चालते आणि ती अप्रतिम आहे. साहजिकच दोन विजोड मुलांना एका कोठडीत कोंडण्याचा मोह होतो. परंतु मार्च 2000 मध्ये फेल्टममध्ये झाहिद मुबारक या एकोणीस वर्षांच्या तरुणावर, त्याच्या सुटकेच्या दिवशी, वर्णद्वेषी सहकैद्याने हल्ला केला आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. त्यानंतरच्या सार्वजनिक चौकशीचा अहवाल 2006 मध्ये आला. कोणाला कोणाबरोबर ठेवायचे याचे धोके आज तपासले जातात, हे ब्रिटिश प्रेक्षकाला ठाऊक असते. त्यामुळे जोडी जुळवण्यातील कागदी घोळ जरूर रंगवावा, पण ‘चुकून गुंडाबरोबर ठेवले’ ही गंमत करू नये.

चित्रीकरणाची अडचण लिहितानाच ध्यानात घ्यावी. ‘पॉरिज’ला खऱ्या तुरुंगात चित्रीकरणाची परवानगी मिळाली नव्हती, दाराचे दृश्य सेंट ऑल्बन्सच्या जुन्या तुरुंगाच्या प्रवेशद्वाराशी घेतले आणि आतले मजले ईलिंग स्टुडिओतील पाण्याच्या टाकीत उभारले. एक कोठडी, एक सज्जा, एक वर्ग आणि पहाऱ्याची खोली एवढ्यांत पहिला भाग बसवावा. ब्रिटनमध्ये पर्व बहुधा सहा भागांचे असते. तेव्हा पहिला भाग संपूर्ण लिहून उरलेल्या पाचांचे प्रत्येकी एका परिच्छेदाचे टिपण जोडावे, आणि त्या टिपणात कोणते पात्र कितव्या भागात सुटते व त्याच्या कोठडीत कोण येते, हे स्पष्ट नोंदवावे.