घरचा पीसी बाहेरून चालवायचाय? राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग असं करा

घरातले मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप हे सगळे बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावर दिसतात. त्यामुळे बाहेरून आलेली विनंती नेमकी कोणाकडे द्यायची, हे राउटरला कळत नाही आणि तो ती सोडून देतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्याला आधीच सांगून ठेवणं: या पोर्टवर (म्हणजे या नंबरच्या दारावर) काही आलं की त्या कॉम्प्युटरकडे पाठव.

दूरवरून पीसी चालवण्याची विंडोजची सोय म्हणजे रिमोट डेस्कटॉप. त्याचं पोर्ट ३३८९. बहुतेक ठिकाणी तेच थेट उघडायला सांगतात. कृपा करून तसं करू नका. उघडं ३३८९ शोधणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात आणि सापडलं की पासवर्ड लावून बघत बसतात. मे २०१९ मध्ये उघड झालेल्या ‘ब्लूकीप’ त्रुटीला तर पासवर्डचीही गरज नव्हती. ती इतकी गंभीर होती, की मायक्रोसॉफ्टने सपोर्ट कधीच संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. पोर्टचा नंबर बदलून फार काही साधत नाही, तोही शोधला जातो. म्हणून आपण पोर्ट उघडायचं ते वायरगार्ड या मोफत व्हीपीएनचं, म्हणजे दोन यंत्रांमधल्या खासगी, कुलूपबंद वाटेचं. रिमोट डेस्कटॉप त्या वाटेतून चालवायचा. योग्य किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही.

काहीही करण्याआधी एक गोष्ट तपासा, नाहीतर पुढची सगळी मेहनत वाया जाईल. राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा आणि गूगलवर ‘व्हॉट इज माय आयपी’ शोधून येणाऱ्या आयपीव्ही४ पत्त्याशी जुळवा. दोन्ही सारखे असतील तर पुढे चला. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीने एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. याला सीजीनॅट म्हणतात. अशा वेळी तुमच्या राउटरवर कितीही नियम लिहा, विनंती तिथवर पोचतच नाही. कंपनीकडे स्टॅटिक आयपी (न बदलणारा, फक्त तुमचा पत्ता) मागा, किंवा पोर्ट न उघडता चालणारं टेलस्केल हे व्हीपीएन वापरा. वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा कंपनीच्या फायबर बॉक्सच्या मागे तुमचा वेगळा राउटर आहे. मग तो बॉक्स ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे राउटरचं काम फक्त तुमचा राउटर करेल.

आता कॉम्प्युटर. विंडोज होमवर बाहेरून रिमोट डेस्कटॉपने शिरता येत नाही, प्रो लागतं. सेटिंग्ज, सिस्टम, रिमोट डेस्कटॉप इथे जाऊन तो चालू करा. पीसी आपोआप झोपणार नाही अशी पॉवर सेटिंग ठेवा. लॉगिनला पिन चालत नाही, खात्याचा पासवर्ड लागतो. तो लांब आणि इतर कुठेही न वापरलेला असू द्या.

कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ चालवून पीसीचा घरातला पत्ता बघा, समजा १९२.१६८.१.५०. राउटरमध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ करून तो कायमचा बांधून टाका. हे राहिलं तर पत्ता कधीतरी बदलतो आणि नियम भलत्याच यंत्राकडे बोट दाखवतो.

वायरगार्ड पीसीवर आणि सोबतच्या लॅपटॉपवर बसवा. दोन्हीकडे रिकामा टनेल (जोडणीची नवी नोंद) जोडला की पब्लिक आणि प्रायव्हेट अशी किल्ल्यांची (‘की’) जोडी आपोआप तयार होते. पीसीला १०.९.०.१/२४ हा पत्ता आणि लिसनपोर्ट ५१८२० द्या. पीअर (समोरचं यंत्र) म्हणून लॅपटॉपची पब्लिक की आणि अलाउड आयपी १०.९.०.२/३२. लॅपटॉपला १०.९.०.२/३२ द्या, पीअर म्हणून पीसीची पब्लिक की, अलाउड आयपी १०.९.०.१/३२ आणि एंडपॉइंट (जिथे जोडायचं ते ठिकाण) म्हणून घरचा पब्लिक आयपी, म्हणजे गूगलवर दिसलेला पत्ता, पुढे :५१८२०. प्रायव्हेट की मात्र ज्या यंत्रावर तयार झाली तिथून हलवायची नाही.

राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ किंवा ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ असं पान असतं. बाहेरचं आणि आतलं पोर्ट दोन्ही ५१८२०, प्रोटोकॉल यूडीपी, आतला पत्ता १९२.१६८.१.५०. सेव्ह करा. चालत नाही म्हणून वैतागून ‘डीएमझेड’ चालू करू नका, त्याने पीसीची सगळीच पोर्ट बाहेर उघडी पडतात. विंडोज फायरवॉलमध्येही यूडीपी ५१८२० साठी इनबाउंड नियम लागतो, तो जोडा.

तपासणी घरच्या वायफायवरून नको, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करा. पोर्ट तपासणाऱ्या साइट सहसा यूडीपी नव्हे, टीसीपी हा दुसरा प्रोटोकॉल बघतात, त्यामुळे त्या ‘बंद’ म्हणाल्या तरी घाबरू नका. दोन्हीकडे टनेल चालू करा. मग लॅपटॉपवर रिमोट डेस्कटॉप कनेक्शनमध्ये १०.९.०.१ लिहून जोडा. वायरगार्डमध्ये ‘लेटेस्ट हँडशेक’ दिसलं की दोन्ही यंत्रांची ओळख पटली, वाट मोकळी झाली.

स्टॅटिक आयपी नसेल तर घरचा पब्लिक आयपी अधूनमधून बदलतो. राउटरमधली डायनॅमिक डीएनएस सोय (बदलत्या पत्त्याला एक कायमचं नाव देणारी) चालू करून एंडपॉइंटमध्ये आयपीऐवजी ते नाव लिहा. जोडणी मध्येच तुटली तर टनेल बंद करून पुन्हा चालू करा, म्हणजे नवा पत्ता शोधला जातो.