डिझेलचं हेड गॅस्केट कसं बदलावं आणि सेन्सर कुठे बसवावेत

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली सील, सहसा आपणहून जात नाही. आधी इंजिन तापतं, हेड वाकतं, बोल्टची पकड कमी होते आणि मग गॅस्केट उडतं. म्हणून नुसतं गॅस्केट बदलून मोकळं होणं म्हणजे अर्धंच काम. थर्मोस्टॅट, वॉटर पंप, चोंदलेला रेडिएटर, फॅनचं कपलिंग, गळकी होज यांतलं खरं कारण सापडेपर्यंत नवं गॅस्केट पाकिटातून काढूच नका. आणि हेड उतरवलेलंच आहे तर तापमान, ऑइल प्रेशर आणि कूलंटची पातळी दाखवणारे सेन्सरही याच फेरीत बसवा, कारण त्यांतल्या एकाचं भोक इंजिन जोडलेलं असताना पाडणं धोक्याचं असतं.

उघडण्याआधी दोन संशयित बाजूला काढा. ऑइल कूलर आतून फुटला तर ऑइल आणि कूलंट एकमेकांत मिसळतात. ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा एक्झॉस्ट गॅस गार करणारा) गळला तर कूलंट घटतो आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. दोन्ही दुखणी हुबेहूब गॅस्केटसारखी दिसतात आणि दोन्हींसाठी हेड उघडावं लागत नाही. फिलर कॅपखाली नुसती साय जमली तर घाबरायचं कारण नाही, छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत वाफेनेही ती जमते. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर मात्र प्रकरण खरं. गॅस्केटचे भरवशाचे पुरावे वेगळे आहेत: गार इंजिन सुरू केल्यावर कूलंटच्या टाकीत न थांबणारे बुडबुडे, रात्रभर उभ्या गाडीची वरची होज सकाळीही दगडासारखी टणक, आणि कॉम्प्रेशन टेस्टमध्ये शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले.

हेड उतरवणं

बॅटरी, कूलंट, ऑइल, पाइप, मॅनिफोल्ड आधी काढायचं हे वेगळं सांगायला नको. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी एकच दाबाची नळी) असेल तर इंजिन बंद केल्यावर थोडा वेळ थांबूनच पाइप ढिले करा. त्यात हजार बारच्या पुढचा दाब असतो आणि डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत शिरते. इंजेक्टर आणि पाइपची तोंडं लगेच टोप्यांनी बंद करा. टायमिंग, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ, लॉक पिनांनी धरा. हेड बोल्ट बाहेरून आत, टप्प्याटप्प्याने ढिले करा, आणि तेही इंजिन पूर्ण गार झाल्यावरच.

उतरवलेलं हेड टेबलावर पालथं ठेवू नका. इंजेक्टर आणि ग्लो प्लगची टोकं हेडच्या पातळीखाली आलेली असतात, ती वाकतात. दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवा. इंजिन ओल्या लायनरचं (सिलिंडरची सुटी नळी, बाहेरून थेट कूलंट लागणारी) असेल तर लायनर पकडून ठेवल्याशिवाय क्रँक फिरवू नका. पिस्टनबरोबर लायनर वर सरकला की खालच्या ओ-रिंगची सील गेली.

साफसफाई

ड्रिलला घासणीची चकती लावून ब्लॉक चकाचक करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. चकतीतून झडणारी पूड म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे शुद्ध घासपावडर. ती ऑइलच्या वाटेने बेअरिंगपर्यंत जाते आणि नवं गॅस्केट टाकलेलं इंजिन थोड्याच दिवसांत तळातून वाजायला लागतं. शिवाय चकती मऊ धातूत न दिसणारे खड्डे पाडते आणि आजकालचं अनेक पत्र्यांचं स्टील गॅस्केट असे खड्डे झाकून घेत नाही. गॅस्केट सोडवणारा स्प्रे, प्लास्टिकची पट्टी, हट्टी जागी आडवं धरलेलं ब्लेड आणि भरपूर वेळ, एवढंच पुरतं. ऑइल आणि कूलंटची भोकं आधी चिंधीने बुजवा, आणि शेवटी चिंध्या मोजून काढा.

मग स्टीलची सरळ पट्टी आणि फट मोजायच्या पातळ पात्या, म्हणजे फीलर गेज. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर तपासा. मर्यादा मॅन्युअलमधली धरा; लहान इंजिनात ती साधारण ०.०५ ते ०.१० मिमी असते. हेड तापलं होतं हे माहीत असेल तर ते प्रेशर टेस्टला पाठवाच, कारण व्हॉल्व्ह सीटच्या मधल्या बारीक चिरा डोळ्यांना नेहमी दिसत नाहीत.

गॅस्केटची जाडी: इथेच बहुतेक कामं बिघडतात

पेट्रोल इंजिनवर हात बसलेला माणूस डिझेलमध्ये इथे फसतो. डिझेलचा पिस्टन वरच्या टोकाला ब्लॉकच्या पातळीबाहेर किंचित डोकावतो. किती डोकावतो ते प्रत्येक इंजिनात थोडं वेगळं, म्हणून कंपनी एकाच इंजिनासाठी दोन-तीन जाड्यांची गॅस्केटं देते. जाडी कडेच्या खाचांवरून किंवा भोकांवरून ओळखायची. दुकानदाराला गाडीचं मॉडेल सांगून हातात पडेल ते गॅस्केट आणलं, तर तुम्ही जुगार खेळताय.

जुन्या गॅस्केटच्या खाचा मोजून तेवढ्याच खाचांचं नवं आणणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. पण तो एकाच अटीवर: ब्लॉक, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड मूळचेच आहेत आणि मागच्या माणसाने माप घेतलं होतं. दुसऱ्या गोष्टीची खात्री देणारा कोणी नसतो. माझं मत स्पष्ट आहे: डायल गेज (बारीक उंची सुईने दाखवणारं मापयंत्र) लावून मोजा.

माप घ्यायच्या जागी पिस्टनवरची काजळी काढा, नाहीतर काजळीचंच माप येईल. गेजचा बूड ब्लॉकवर ठेवून सुई ब्लॉकच्या पृष्ठभागावर शून्य करा. मग पाळीपाळीने प्रत्येक पिस्टन वर आणा आणि क्रँक पुढे-मागे हलवून सर्वांत मोठा आकडा पकडा. गेजचं टोक कुठे टेकवता याला महत्त्व आहे. पिस्टन आपल्या पिनेवर डावी-उजवीकडे डुलतो, त्यामुळे बाजूला टेकवलं तर आकडा दर वेळी बदलेल. पिनेच्या रेषेवर, म्हणजे एकदा पुलीच्या बाजूला आणि एकदा फ्लायव्हीलच्या बाजूला, अशी दोन मापं घ्या आणि त्यांची सरासरी काढा. समजा चार सिलिंडरची मापं ०.६२, ०.६५, ०.७१ आणि ०.६६ मिमी आली. बहुतेक कंपन्या यातलं सर्वांत मोठं, म्हणजे ०.७१ धरायला सांगतात. काही सगळ्यांची सरासरी धरतात. तुमच्या इंजिनचं मॅन्युअल काय म्हणतं ते पाहा, अंदाज नको.

पातळ गॅस्केट लागलं तर पिस्टन आणि हेड यांच्यात उरलेली जागा धोक्यात येते. गार इंजिन हाताने फिरवताना काही लागणार नाही. पण गरम होऊन, वेग घेऊन, बेअरिंगमधली फट मिटली की टोकाला ठोका बसतो. जाड लागलं तर इंजिन मोडत नाही, रुसतं. ९० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव) आणि १८ कॉम्प्रेशन रेशोच्या (हवा जितक्या पट दाबली जाते तो आकडा) इंजिनात ०.१ मिमी जादा जाडीने रेशो सुमारे १७.७ वर येतो, ०.३ मिमीने सुमारे १७.१ वर. सकाळी सुरू व्हायला वेळ, पांढरा धूर आणि मग इंजेक्टरवर नाहक आळ.

आणखी एक वाईट सल्ला: ‘हेड घासलंय, मग जाड गॅस्केट टाक.’ सपाट तळाच्या हेडमध्ये ज्वलनाची जागा पिस्टनच्या वाटीत असते. हेड घासल्याने पिस्टन आणि हेडमधलं अंतर बदलत नाही, व्हॉल्व्ह मात्र तेवढे खाली येतात. त्याचा इलाज म्हणजे सीट कापून व्हॉल्व्ह मॅन्युअलमधल्या खोलीपर्यंत परत आत नेणं. घासलेल्या हेडसाठी कंपनीनेच दुरुस्ती-मापाचं गॅस्केट दिलं असेल तर गोष्ट वेगळी. आणि कित्येक डिझेल हेड घासायला कंपनी मुळात परवानगीच देत नाही, ते लेथवाल्याकडे जायच्या आधी पाहा.

बोल्ट

ताणाचे बोल्ट, म्हणजे आवळताना कायमचे थोडे ताणले जाणारे, एकदाच वापरायचे. नवे घ्या, यात काटकसर नको. बोल्टची भोकं बंद बुडाची असतील तर त्यांत थेंबभरही ऑइल किंवा कूलंट राहू देऊ नका. बोल्ट खाली जाताना त्या द्रवाला वाट मिळत नाही आणि ब्लॉकला चीर जाते. चिंधी, मग हवेचा झोत, डोळ्यांवर चष्मा. आटे साफ करायला कापणारा टॅप घालू नका, तो धातू खातो. जुन्याच बोल्टला हॅकसॉने उभ्या दोन-तीन खाचा पाडून तो हाताने फिरवा, घाण खाचेत येते.

आवळायला लावलेल्या जोरातला जवळपास ९० टक्के भाग घर्षणात जातो. म्हणून आट्यांवर आणि बोल्टच्या डोक्याखाली मॅन्युअल सांगेल तेच तेल, तेवढंच. जास्त निसरडं ग्रीस लावलं तर टॉर्क रेंचचा आकडा तोच, ताण मात्र भलताच. गॅस्केट कोरडंच बसवा. सीलंटचा ठिपका फक्त मॅन्युअलने दाखवलेल्या सांध्यावर. मग मधून बाहेर, दिलेल्या क्रमाने. क्रिया साधारण अशी असते: ४० न्यूटन-मीटर, मग ६०, मग ९० अंश, परत ९० अंश. हे फक्त स्वरूप आहे, आकडे तुमच्या इंजिनचे. अंशांसाठी डोक्यावर रंगाची खूण करा आणि एका दमात, न थांबता ओढा. ओढताना बोल्ट एकदम मऊ लागला तर हात थांबवा, तो तुटायच्या बेतात आहे.

सेन्सर

गाडीचा तापमानाचा काटा शेवटपर्यंत शांत राहू शकतो, कारण बऱ्याच गाड्यांत तो मधल्या मोठ्या पट्ट्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे त्याचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. होज फुटून कूलंट निघून गेला की सेन्सर हवेत लटकतो आणि काटा चढण्याऐवजी पडतो. इकडे हेड भाजत असतं.

म्हणून पहिला सेन्सर हेडच्या धातूचा. रिंग टर्मिनलचा सेन्सर वॉटर पंपापासून लांबच्या टोकाला, हेडवरच्या एखाद्या रिकाम्या आट्यात किंवा ब्रॅकेटच्या छोट्या बोल्टखाली घट्ट बसवा. हेड बोल्टखाली कदापि नाही, वॉशरइतकी ती रिंगही बोल्टची पकड बिघडवते. बसवण्याआधी उकळत्या पाण्यात तपासा: समुद्रसपाटीला १०० अंश, उंचीवर दर ३०० मीटरला साधारण १ अंश कमी.

दुसरा, एक्झॉस्ट गॅसच्या तापमानाचा, म्हणजे के-टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमापक). टर्बोच्या आधी, जिथे सगळे सिलिंडर एकत्र येतात तिथे मॅनिफोल्डला भोक पाडा, आणि ते मॅनिफोल्ड टेबलावर असतानाच. जागेवर पाडलं तर कीस थेट टर्बाइनच्या पात्यांवर जातो. टोक प्रवाहाच्या मध्यापर्यंत पोचलं पाहिजे. टर्बोनंतर लावणं सोपं असतं, पण तिथे भाराखाली आकडा टर्बोच्या आधीपेक्षा १०० अंशांनी, कधी त्याहूनही जास्त, कमी दिसू शकतो. थर्मोकपलची वायर कमी पडली तर के-टाइपचीच जोडा. तांब्याची जोडली की आकडा खोटा. टर्बोच्या आधीच्या बाजूला सतत ७०० अंशांच्या वर दिसत असेल तर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सोडा.

ऑइल प्रेशरचा सेन्सर मूळ स्विचच्या जागी टी लावून बसवा, मूळ स्विच ठेवूनच. १/८ इंची बीएसपी आणि एनपीटी, म्हणजे दोन वेगळ्या पद्धतींचे, आटे दोन फेरे एकमेकांत सहज जातात आणि मग गळतात, तेव्हा आधी ओळखा. जड सेन्सर पितळी निपलवर लोंबकळत ठेवला तर थरथरीने निपल तुटते. छोटी होज घालून तो बॉडीला बांधा. कूलंटच्या टाकीतला लेव्हल सेन्सर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी बोंब मारणारा. त्याला काही सेकंदांचा विलंब ठेवा, नाहीतर प्रत्येक वळणावर वाजेल.

वायरिंगला इग्निशननंतरचा पुरवठा, छोटा फ्यूज आणि अर्थ थेट ब्लॉकवरून. इंजेक्टर आणि ऑल्टरनेटरच्या वायरींपासून लांब.

सुरू करणं

नवं ऑइल, नवा फिल्टर. आधी पाणी मिसळलेलं असेल तर स्वस्त ऑइलवर थोडा वेळ चालवून पुन्हा बदला. इंधन तोडून स्टार्टर मारा, ऑइल प्रेशर दिसल्यावरच पेटवा. हीटर उघडा ठेवून हवा पूर्ण काढा. ताणाचे बोल्ट पुन्हा आवळायचे नसतात.

अलार्म मात्र त्याच दिवशी लावू नका. आठवडाभर चढ, रहदारी आणि भार यांत हेडचा आकडा टिपा. नेहमी ९२ ते ९६ अंश राहत असेल तर अलार्म १०६ वर ठेवा, १२० वर नाही.